चार नंबरचं पाणी

फायबरचा शेवटचा सांधा जुळला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. वेंडेल कोचेवारची बोटं थंडीने इतकी बधिर झाली होती की पेन्सिलही धरवत नव्हती. अकरा मैल तार. पश्चिमेच्या ऑफिसपासून पूर्वेच्या धरणापर्यंत, खांबाखांबावरून, दोन दलदली आणि एक रेल्वेलाइन ओलांडून केसाएवढी काच ताणत न्यायला त्याला अख्खा हिवाळा लागला होता. त्याने मीटर लावून बघितलं. ऑफिसातून सोडलेला उजेड पूर्वेच्या खोपटात पोचत होता, आणि वाटेत फारसा सांडतही नव्हता. एवढ्या अंतरात एवढा स्वच्छ सांधा त्याने आयुष्यात केला नव्हता.

खाणीत दगड दळून त्यातलं लोखंड काढून घेतलं की उरतो तो गाळ. तो दोन तळ्यांत साठवायचा, आणि तळ्यांना मातीच्या भिंती. पश्चिमेची भिंत ऑफिसच्या खिडकीतून दिसे. पूर्वेची तिथून अकरा मैलांवर, आणि तिच्या पायथ्याशी सिस्टर क्रीकच्या काठाने सात घरं. भिंतीत ठिकठिकाणी पाइप पुरलेले असतात. पाइपात पाणी किती उभं आहे ते मोजलं की भिंत आतून किती भिजली आहे ते कळतं. धरणाची तब्येत म्हणतात ती एवढीच.

पूर्वेच्या सहा पाइपांत पाच वर्षांपूर्वी मोजणारे सेन्सर सोडले होते. त्यांचे डबे खोपटातल्या एका कॉम्प्युटरला जोडलेले, आणि त्यांचं ते छोटं नेटवर्क बाहेरच्या जगाशी एक अक्षर बोलत नसे. रोज सकाळी आर्वो सारेला खोपटात जाई, आकडे वाचून ऑफिसला फोन करी. त्याचा त्या डब्यांवर काडीचा विश्वास नव्हता, म्हणून आधी स्वतः भिंतीवर चढून पितळी वजनाची टेप पाइपात सोडी, वजन पाण्याला टेकल्याचा आवाज ऐके, आणि मगच फोन उचले. टेप तर तो एकवीस वर्षं सोडत आला होता. आर्वो राखणदार होता, सात घरांतलं पहिलं घर त्याचं, आणि वेंडेलचा तो सासरा.

आता पूर्वेचं नेटवर्क आणि ऑफिसचं नेटवर्क एक झालं. ऑफिसात बसलेल्या माणसाला पूर्वेचे सहाही पाइप पडद्यावर दिसू लागले, जणू शेजारच्या खोलीत आहेत. सुपरिंटेंडंट लायल ग्रिगर्सनने सगळ्यांसाठी पोतीत्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव, मागवला, वेंडेलच्या पाठीवर थाप मारली, आणि त्याच आठवड्यात आर्वोला निवृत्तीचं पत्र गेलं.

चूकही जोडणीच्याच दिवशी झाली. ती कुणाच्या आळसाने झाली असती तर निदान शिव्या घालायला माणूस तरी मिळाला असता. ती झाली बर्निस पर्कोच्या नीटनेटकेपणामुळे, आणि या असल्या चुका फार वाईट.

बर्निस दुरुस्तीच्या शॉपची. तिशी उलटायच्या आत शॉपमध्ये आली आणि आता साठीला टेकली होती. पूर्वेच्या चार नंबरचा डबा विजेने तीनदा जळला होता, म्हणून तिने त्याचा जुळा करून ठेवला. तोच सेन्सर, तोच डबा, आणि नेटवर्कवरचा नंबरही तोच. एकवीस. उद्या पुन्हा वीज पडली तर जुळा उचलायचा, गाडीत टाकायचा, तिथे नेऊन लावायचा, काही बदलायचं नाही. चांगले कारागीर असंच करतात. सेन्सर कोरडा ठेवला की खराब होतो, म्हणून शॉपच्या कोपऱ्यात तिने एक उंच प्लास्टिकचा पाइप उभा केला होता, खालून बंद, पाण्याने भरलेला. त्यात तो सेन्सर लोंबत असे, चालू, शॉप आणि ऑफिसच्या एकाच नेटवर्कला जोडलेला. खरा चार नंबर अकरा मैलांवर दुसऱ्याच नेटवर्कात होता. दोघांची कधी गाठ पडायची नव्हती.

वेंडेलने ती गाठ घालून दिली. जोडण्याआधी त्याने दोन्हीकडच्या याद्या समोरासमोर ठेवून एकेक नंबर ताडून पाहिला होता. एकही दोनदा आला नव्हता. पण यादीत काम करणारे डबे लिहितात, कोपऱ्यात भिजत ठेवलेले कोण लिहितं? पडद्याने एकवीस नंबरला हाक मारली. दोघांनी ओ दिली. ऑफिसच्या मशीनने शॉपमधल्याची ओ धरली आणि तीच धरून बसलं.

असं मार्चच्या अठरा तारखेपासून त्या खाणीत, पूर्वेच्या धरणातली सगळ्यात नाजूक जागा म्हणून, चार माणसं आळीपाळीने डोळ्यांत तेल घालून प्लास्टिकच्या पाइपातलं नळाचं पाणी बघत होती.

एप्रिल उजाडला आणि बर्फ वितळू लागलं. पाच पाइप हळूहळू चढले, दरवर्षी चढतात तसे. चार नंबर मात्र अठरा फुटांवर शांत. शॉपमधलं पाणी सहाच फूट होतं, पण चार नंबर खोल पुरलेला म्हणून सेन्सरखालची बारा फुटं पडदा आपली आपण मिळवत असे, आणि बेरीज नेमकी दरवर्षीच्या आकड्यापाशी येत होती. दैव म्हणायचं तर हेच. लायल पाहुण्यांना पडदा दाखवताना चार नंबरचं कौतुक करायचा, की बघा, हा आमचा गुणी मुलगा.

आर्वोचा पहिला फोन आला तो सहा एप्रिलला. नोकरी गेली तरी म्हातारा रोज भिंतीवर जात होता. त्याने वेंडेलला सांगितलं की चार नंबरचं पाणी चोवीस फुटांवर आलंय. वेंडेलने पडद्यावर पाहिलं आणि अठरा आहे म्हणून सांगितलं.

"जावईबापू, तुमच्या त्या डब्याला म्हणावं जरा पाय ओले कर," आर्वो म्हणाला, आणि हसला.

पुढच्या आठवड्यात सव्वीस. त्यानंतर एकोणतीस. पडद्यावर धोक्याची लाल रेघ तिसाला होती. वेंडेलने आपल्या परीने खात्री करून घेतली, नाही असं नाही. तार तपासली, सांधे तपासले, उजेड मोजला. सगळं चोख होतं. तार चोख असली की तिच्यावरून येणारी बातमीही खरी, असं त्याला वाटलं. पंचवीस वर्षं त्याने ताराच जोडल्या होत्या, त्यापलीकडे त्याची नजर जातच नव्हती. एकदा पूर्वेला जाऊन स्वतः टेप सोडून बघावी असं मनात आलं होतं. पण भिंतीचा रस्ता चिखलाने बंद होता, चालत वर जायला दीड तास लागला असता, आणि खरं सांगायचं तर सासऱ्याची टेप हातात घेणं म्हणजे स्वतःच्या कामावर स्वतःच काट मारणं. तो गेला नाही.

लायलला हे फोन आवडेनात. आर्वोने एकदा थेट त्यालाच गाठलं होतं. लायलने वेंडेलला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं.

"नोकरी गेल्याचं दुःख मला कळतं. माझा बाप पण असाच गेला, शेवटपर्यंत ड्यूटीचा डबा भरून दारात उभा राहायचा. पण हा माणूस आता शेजाऱ्यांना घाबरवतोय. सासरा तुझा आहे, तू बघ."

आणि शेजाऱ्यांचे फोन येऊ लागले होतेच. लिंडक्विस्ट म्हणून एक कुटुंब होतं, आर्वोच्या पुढचं दुसरं घर, त्यांच्या सुनेला बाळ होऊन दहा दिवस झाले होते. म्हाताऱ्या लिंडक्विस्टीणबाईंनी ऑफिसला फोन केला, ऑफिसने तो वेंडेलकडे दिला. आर्वो म्हणतो निघा, तर बाळंतिणीला घेऊन निघायचं का, एवढंच त्या विचारत होत्या. वेंडेलने पडद्याकडे पाहून सांगितलं की निघायची गरज नाही. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला की बाबांचं आता वय झालंय, ऐकू कमी येतं, टेप कधी टेकली ते कळत नाही. बाईंनी दोनदा आभार मानले. फोन ठेवून त्याने दुसरं काम हातात घेतलं.

शनिवारी तो आणि त्याची बायको मार्लीस सॉनाला म्हणून आर्वोकडे गेले. नेहमीचंच होतं. लाकडं पेटवायची, वाफेत बसायचं, मग रायब्रेड आणि मासे. वाफेत आर्वो एक शब्द धरणाबद्दल बोलला नाही. जेवण झाल्यावर वेंडेलने घसा साफ केला आणि धरणाच्या फाटकाची किल्ली मागितली. किल्ली खाणीची होती, मागायचा त्याला हक्क होता. मग टेपही मागितली.

"टेप माझी आहे," आर्वो म्हणाला.

"माहीत आहे बाबा. पण ती तुमच्याकडे असली की तुम्ही वर जाणार. निसरडं झालंय, पडलात तर मार्लीस मला घरात घेणार नाही."

"म्हणजे माझ्या पायांची काळजी."

"तुमचीच काळजी."

आर्वोने बायकोच्या फोटोशेजारच्या खिळ्यावरून टेप काढली, फडक्याने पुसली, नीट गुंडाळून टेबलावर ठेवली. वर किल्ली ठेवली. मार्लीस भांडी घासत होती, तिने मागे वळून पाहिलं नाही. परतीच्या वाटेवर ती गाडीत एवढंच म्हणाली की बाबांना सगळं ऐकू येतं, तुला माहीत आहे. वेंडेलने वायपर लावले.

त्यानंतर आर्वोने ऑफिसला फोन करणं सोडलं. बुधवारी त्याने घरी फोन केला, मार्लीसने घेतला. वेंडेल आल्यावर तिने निरोप दिला, की भिंतीच्या पायथ्याशी, चार नंबरच्या बरोबर खाली, एक झरा फुटलाय आणि कालपासून तो गढूळ वाहतोय, म्हणजे भिंतीची माती धुपतेय. वेंडेल दमला होता. एप्रिलमध्ये सगळेच झरे गढूळ असतात असं तो म्हणाला. मार्लीस त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. सकाळी सांगतो लायलला, असं म्हणून त्याने विषय मिटवला. सकाळी त्याने सांगितलं नाही.

गुरुवारी अकराच्या सुमाराला तो शॉपमध्ये कॉफी प्यायला गेला. बर्निस बादली घेऊन कोपऱ्यातल्या पाइपाशी उभी होती. पाणी शेवाळलंय, बदलते, असं म्हणत तिने नळीने जुनं पाणी काढायला सुरुवात केली. वेंडेलने पेला भरला. तेवढ्यात त्याच्या कमरेचा रेडिओ बोलला. लायल पडद्यापाशी होता, चार नंबर उतरतोय म्हणत होता, अठरावरून सोळा, आता पंधरा. तार बघ तुझी, काहीतरी झालंय.

वेंडेल म्हणाला बघतो. बर्निसने नळी काढली आणि बादली उचलून स्वच्छ पाणी ओतलं.

"आता चढला," लायल म्हणाला. "सोळा. सतरा. एकोणीस. कोचेवार, हे काय चाललंय?"

वेंडेलने पेला खाली ठेवला. त्याने बर्निसला थांबायला सांगितलं. ती थांबली. लायल म्हणाला, थांबला, एकोणिसावर. वेंडेलने पुढे होऊन सेन्सरची दोरी धरली आणि तो पाण्यातून अख्खा वर उचलला. त्याच्या बाहीतून पाणी कोपरापर्यंत आलं.

"बारावर," रेडिओ म्हणाला. "धाडकन खाली. मेला बहुतेक."

बर्निसला कळायला एक क्षण लागला. मग तिने बादली खाली ठेवली. तिने नंबर विचारला नाही, तो तिनेच दिलेला होता. "मी चांगल्यासाठी केलं होतं रे," ती म्हणाली. वेंडेलला तिच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याला फक्त एवढंच दिसत होतं, की तीन आठवडे तो एका म्हाताऱ्याला या पाइपाच्या जिवावर खोटं पाडत होता.

त्याने शॉपच्या भिंतीतून जुळ्या डब्याचा प्लग ओढून काढला.

पडदा थोडा वेळ रिकामा राहिला असावा. खाणीच्या ऑफिसात बसलेलं मशीन एकवीस नंबरला पुन्हा हाका मारत होतं, आणि आता ओ द्यायला एकच उरला होता. अकरा मैल काच, स्वच्छ सांधे. उत्तर आलं.

"एकेचाळीस," लायल म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "एकेचाळीस दाखवतोय. हे चूक असणार ना?"

"हेच बरोबर आहे. शेरीफला फोन कर. सिस्टर क्रीक रिकामं करायला सांग, आत्ताच्या आत्ता."

"कोचेवार, आधी खात्री..."

"लायल, फोन कर."

शेरीफची गाडी तिथे पोचायला पंचवीस मिनिटं लागतात. वेंडेलने बर्निसच्या टेबलावरच्या फोनवरून आर्वोचा नंबर फिरवला. दोन रिंगमध्ये म्हाताऱ्याने उचलला.

"बाबा, चार नंबर एकेचाळीसवर आहे."

"मला छत्तीस वाटत होता. टेप नाही, म्हणून झऱ्यावरून अंदाज."

"बाबा, माझी चूक झाली. आम्ही दुसऱ्याच पाइपाचं पाणी बघत होतो."

"ते मग सांग. बाकीच्यांना कळवलंस?"

"शेरीफ निघतोय. तुम्ही गाडीत बसा आणि आधी निघा."

"मी मागच्याच आठवड्यात सगळ्यांची दारं ठोठावली होती," आर्वो म्हणाला. "त्यांनी ऑफिसला विचारलं. ऑफिसने सांगितलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. ते ऑफिस म्हणजे तूच ना रे?"

"हो बाबा."

"मग शेरीफचा काय उपयोग? लोक आधी ऑफिसला विचारतील. मीच जातो, मला बघून तरी उठतील. लिंडक्विस्टांकडे बाळ आहे, त्यांना वेळ लागेल."

"बाबा, ऐका माझं."

"फोन ठेवत नाही, इथेच टेबलावर असू दे. तू आकडा बघ. चढतोय तोवर भिंत जागेवर आहे, आणि मला वेळ आहे. उतरायला लागला तर मात्र..." तो कोट चढवत असावा, आवाज लांब गेला आणि परत आला. "उतरायला लागला म्हणजे भिंत फुटली आणि आतलं पाणी बाहेर निघालं. मग काही करता येत नाही कुणाला."

रिसीव्हर लाकडावर टेकल्याचा आवाज आला. दार उघडलं, ते त्याने लावलं नाही. जुन्या ट्रकचं इंजिन दोनदा खोकून सुरू झालं. वेंडेलने दुसरा कान हाताने दाबून धरला. ट्रक वळला, थोडा गेला, आणि हॉर्न वाजू लागला, लांब, न थांबता. ते लिंडक्विस्टांचं घर. तिथे फार वेळ लागला. एक बाई ओरडली, एक मोटार सुरू झाली. मग हॉर्न पुढे सरकला, तिसऱ्या घराशी. वेंडेल मनात घरं मोजत होता. सातवं घर वळणावर होतं, तिथून पुढे रस्ता चढणीला लागे. तिथवर गेले की सुटले.

चौथं. इथे हॉर्न थोडाच वेळ वाजला. वेंडेलला वाटलं, निघाली माणसं. बर्निस त्याच्या बाजूला येऊन उभी होती, ओल्या हातांनी टेबलाची कड धरून.

हॉर्न पाचव्या घराशी पोचला, आणि तेवढ्यात कमरेचा रेडिओ बोलला. लायलचा आवाज हसरा होता. इतका वेळ श्वास धरून बसलेल्या माणसासारखा.

"कोचेवार, उतरतोय. ऐकतोस? अडतीस झाला. चौतीस. बघ, उगाच घाबरवलंस मला, आपोआप उतरतोय. एकोणतीस."

वेंडेल रिसीव्हरमध्ये ओरडू लागला. अकरा मैलांवर आर्वोचा रिसीव्हर टेबलावर पडला होता, आणि घरात कुणी नव्हतं.